उजव्या पानावर काय होतं?

दातांच्या डॉक्टरकडे कोणी हसत नाही. निदान मी तरी आजवर कोणाला बघितलं नव्हतं. पण मागच्या पावसाळ्यात नाशिकरोडला बिटकोजवळच्या एका क्लिनिकमध्ये अक्कलदाढ दाखवायला गेले होते, तर समोरच्या बाकावर एक साठी-पासष्टीचे काका बसलेले. एक गाल टम्म सुजलेला, त्यावर रुमाल दाबून धरलेला, आणि मांडीवर जुना दिवाळी अंक, कव्हर फाटून गेलेलं त्यामुळे कुठला ते कळत नव्हतं. पानं उलटता उलटता काका एकदम थांबले आणि हसले. साधं नाही, खांदे हलायला लागले, मग गाल ठणकला म्हणून "आई गं" म्हणाले, मग परत त्याच पानाकडे बघितलं, परत हसले, परत "आई गं". रिसेप्शनवरची मुलगी मोबाईल खाली ठेवून बघायला लागली. मला वाटलं आता हे कोणाला तरी दाखवणार, कारण आपल्याकडे माणूस एवढा हसला की शेजारच्याला कोपर मारल्याशिवाय राहत नाही, पण तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं, त्यांनी अंक मिटून टीपॉयवर ठेवला आणि गेले आत.

मी लगेच उचलला, अर्थात. कथा-कविता-राशिभविष्य सोडून सगळी हास्यचित्रं बघितली. लाटणं घेतलेली जाडी बायको आणि तिच्यासमोर काडीसारखा नवरा. साहेब आणि टायपिस्ट. एकच नारळाचं झाड असलेलं बेट. डॉक्टर आणि पेशंट, यमदूत आणि पेशंट, कधी कधी तिघं एकत्र. एकाही चित्रावर मला खांदे हलण्याइतकं हसू आलं नाही. परत पहिल्यापासून बघितली, तेवढ्यात माझा नंबर आला. इंजेक्शन देऊन डॉक्टर दहा मिनिटं थांबा म्हणाले तेव्हासुद्धा मी अर्धी जीभ बधिर होत असताना विचार करत होते, बेटाचं असेल का? बेटाचं तर इतकं काही नव्हतं. बाहेर आले तोवर काका निघून गेलेले. असते तरी त्या तोंडाने मी काय विचारणार होते म्हणा.

गोष्ट एवढीच. पण ती डोक्यातून जाईना.

आमच्या घरात हास्यचित्रं बघायची एक वेगळीच रीत होती आणि त्याचं कारण माझे वडील, अण्णा. अण्णा नोट प्रेसमध्ये होते, तपासणीला. छापून आलेल्या नोटांच्या शीटा समोर घ्यायच्या आणि त्यात चूक शोधायची, कुठे शाई पसरली, कुठे रंग सरकला, कुठे बारीक रेघ तुटली, की खूण करून बाजूला. दिवसभर, वर्षानुवर्षं, तेच. असा माणूस घरी आला की डोळे काही कपाटात काढून ठेवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर एक सूत वाकडं असेल तर जेवता जेवता उठायचे. माझ्या वहीत 'आशिर्वाद' दिसला की न बोलता बोट ठेवायचे, नुसतं बोट. लग्नपत्रिका आली की आई आधी मुहूर्त बघायची आणि अण्णा कुठे काना राहिलाय ते. तर दिवाळीत वाचनालयातून एकेक अंक घरी यायचा, 'आवाज', 'जत्रा', 'मोहिनी', 'हंस', आणि अण्णा जेवण झाल्यावर चष्मा लावून, ट्यूबलाइटखाली, अंकातली हास्यचित्रंसुद्धा तश्शीच तपासायचे. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. चेहऱ्यावर काही नाही. मग एका ठिकाणी बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हे बघ. इथे आहे."

काय आहे ते सांगायचे नाहीत. ते आपण बघायचं.

शि. द. फडणीसांचं ते प्रसिद्ध चित्र तुम्हाला माहितीच असेल, तिच्या साडीवर मांजरं, त्याच्या शर्टावर उंदीर. अण्णांनी त्यावर बोट ठेवलेलं मला आठवतंय, त्यांचं ते शाईचा डाग कधीच पूर्ण न गेलेलं नख, आणि मी बघतेय बघतेय, एक बाई आहे, एक माणूस आहे, छान कपडे घातलेत, यात काय, आणि मग एकदम मांजरं दिसली. म्हणजे आधीपासून दिसतच होती, पण डिझाईन म्हणून दिसत होती. ती मांजर म्हणून दिसली आणि पाठोपाठ उंदीर दिसले आणि मी अशी काही हसले की आई स्वयंपाकघरातून "काय झालं गं?" म्हणत आली. अण्णा हसले नाहीत. पान उलटलं. त्यांच्या दृष्टीने चूक सापडली होती, काम झालं होतं. फडणीसांच्या चित्राखाली ओळ नसते, वाचायला काही नसतं, त्यामुळे सापडलं तर सापडलं नाहीतर बसा बघत. शाळेतल्या गणिताच्या पुस्तकातली ती गोड चित्रं पण त्यांनीच काढलेली हे मला फार नंतर कळलं आणि मग गणिताबद्दलचा राग निम्मा गेला. निम्माच.

'आवाज'चं प्रकरण मात्र वेगळं होतं. त्यातली ती खिडकी-चित्रं! वरच्या पानाला कापून केलेली खिडकी, तिच्यातून आतल्या पानाचा जेवढा तुकडा दिसतो त्यावरून नको ते वाटावं, आणि पान उलटलं की आत काहीतरी एकदम सोज्वळ निघावं. हा अंक आमच्या हातात सहज पडत नसे, गाद्यांच्या थप्पीखाली असायचा, म्हणजे आम्हाला कुठे असतो ते नक्की माहीत असायचं. दुपारी आई झोपली की मी आणि माझा भाऊ खिडक्या उघडायचो. गंमत अशी की आत सोज्वळ निघालं की आमचा विरसच व्हायचा. ज्यांनी खिडकी कापली त्या माणसाला आपल्या डोक्यात काय येणार ते आधीच माहीत होतं, एवढं मात्र त्या वयातही कळलं होतं आणि जरा चोरी पकडल्यासारखं वाटायचं. एखाद्या चित्राखाली ज्ञानेश सोनारांची सही दिसली की अण्णा "आपल्या नाशिकचे" एवढं आवर्जून म्हणायचे, जणू तपासणीत पाच मार्क जास्त.

आता ते अंक चाळताना खरं सांगायचं तर संमिश्र वाटतं. शालीमारला जुनी पुस्तकं घेऊन बसतात त्यांच्याकडून मी एक गठ्ठा आणला, क्लिनिकमधला अंक त्यात सापडतोय का बघू म्हणून. नाही सापडला. पण लाटण्याची चित्रं इतकी निघाली की शेवटी वैताग आला. बायको म्हणजे राक्षसीण, सासू म्हणजे संकट, ऑफिसातली मुलगी म्हणजे साहेबाच्या मांडीवर. मी लहानपणी यावर हसले असणार. आणि त्याच पानावर खाली कोपऱ्यात कोणीतरी एक सायकल अशी काढलेली असते, चार रेघांत, चेन उतरलेली, मालक बाजूला कमरेवर हात ठेवून उभा, की ती चार रेघांची सायकल बघून बाकीचं पान माफ करावंसं वाटतं. माफ करायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. काका लाटण्यावरच हसले असतील तर? ही शक्यता मला अजिबात आवडत नाही, म्हणून मी ती बाद केलीय.

गॅरी लार्सन हा अमेरिकन व्यंगचित्रकार मला भेटला तो भाच्यामुळे. हा इंजिनिअरिंगला, रात्री दोनपर्यंत जागा, आणि मावशीला काहीबाही पाठवत राहतो. एकदा त्याने एक चित्र पाठवलं, खाली काही नाही, स्मायली नाही, काही नाही. गोठ्यासमोर एक गाय माणसासारखी दोन पायांवर उभी, समोर टेबल, टेबलावर चार विचित्र वस्तू. खाली लिहिलंय, गाईची अवजारं. बस. मी रात्री अकरा वाजता अंथरुणात बसून ते बघितलं, मोठं करून बघितलं, मग त्याला लिहिलं "मग?" तो म्हणाला, "मावशी, हेच अख्ख्या अमेरिकेने विचारलं होतं." खरंच विचारलं होतं. 1982 साली हे छापून आलं तेव्हा लोकांनी पेपरांना पत्रं लिहिली, फोन केले, आम्हाला समजावून सांगा म्हणून, आणि शेवटी बिचाऱ्या लार्सनला खुलासा काढावा लागला. त्याचं म्हणणं साधं होतं, गाईने अवजारं केली असती तर ती अशीच ओबडधोबड असती, एवढाच विनोद. पण त्यातलं एक अवजार थोडंसं करवतीसारखं झालं होतं आणि तिथे घोटाळा झाला. एक ओळखू आलं म्हटल्यावर लोक बाकीची तीन ओळखायला बसले.

मला हा किस्सा वाचून अण्णांचं बोट आठवलं. कारण हास्यचित्रात चूक एकच लागते. बाकी सगळं बरोबर, अगदी नोटेसारखं बरोबर पाहिजे, टेबल टेबलासारखं, गोठा गोठ्यासारखा, बाईची साडी नीट चापूनचोपून, आणि मग एक गोष्ट सरकलेली. दोन सरकल्या की बघणारा गोंधळतो, आणि सगळंच सरकलं की ते नुसतं येडपट होतं. व्हॉट्सॲपवर रोज जे येतं ते बहुतेक असंच, सगळं वेडंवाकडं, डोळे बाहेर आलेले, वर हसून लोळणाऱ्या दहा स्मायल्या, म्हणजे इथे हसायचं बरं का. फडणीस, लार्सन ही माणसं कधी हस म्हणत नाहीत. त्यांच्या चित्रातल्या माणसांना पण आपण काही विनोदी करतोय याचा पत्ता नसतो, ती आपापल्या कामात असतात.

पुढे मी झपाटल्यासारखी शोधत सुटले. लार्सन 1980 पासून 1995 पर्यंत चौकटी काढत होता आणि मग थांबला, सरळ थांबला. पार 2020 मध्ये थोडी नवीन काढली, ती पेनाने नाही, डिजिटल टॅबलेटवर. एकदा त्याने डायनोसॉरच्या शेपटीवरच्या काट्यांना गमतीत एक नाव दिलं, गुहेतला मास्तर वर्ग घेतोय आणि सांगतोय की ते काटे आपल्यातल्या अमुक एका दिवंगत माणसाच्या नावाने ओळखले जातात, तर ते नाव खरे शास्त्रज्ञ वापरायला लागले कारण त्या भागाला तोपर्यंत वेगळं नावच नव्हतं. आणि एका उवेच्या जातीला त्याचं नाव दिलंय, घुबडाच्या अंगावरच्या. आपल्याकडे रस्त्याला नाव देतात, चौकाला देतात, उवेला कोणी दिलेलं ऐकलं नाही, आणि दिलं असतं तर मोर्चा निघाला असता. पण मला सगळ्यात आवडलेला किस्सा डेटन नावाच्या गावातला. तिथल्या पेपरात लार्सनची चौकट आणि दुसरी एक, त्या डेनिस नावाच्या खोडकर पोराची, शेजारी शेजारी छापायची, आणि एके दिवशी दोन्हीच्या खालच्या ओळी अदलाबदल झाल्या. लार्सनचा साप आपल्या सापआईबापांबरोबर जेवायला बसलेला, तो खरं तर म्हणणार होता की आज परत हॅमस्टरच का, तर ते वाक्य गेलं डेनिसच्या तोंडी, आणि डेनिस सँडविच खाता खाता म्हणतोय परत हॅमस्टर! लार्सनने स्वतः कबूल केलं की दोन्ही चित्रं त्यामुळे सुधारली. हे अण्णांना सांगितलं तर ते गंभीर झाले. म्हणाले, "तपासायला कोणी नव्हतं का?"

सार्वजनिक वाचनालयात वसंत सरवट्यांचं एक पुस्तक मिळालं, परदेशातल्या व्यंगचित्रकारांवरचं, त्याचं नाव 'परकी चलन'. ते घरी आणलं तर अण्णा कव्हर बघून एकदम ताठ बसले, मग आत चित्रं दिसल्यावर थोडे निराश झाले असावेत. सरवटे स्वतः सिव्हिल इंजिनिअर, सिमेंट कंपनीत नोकरी केलेला माणूस, आणि जयवंत दळवी 'ललित'मध्ये ज्या नावाने लिहायचे त्या ठणठणपाळाला तो हातोडा घेतलेला चेहरा दिला तो त्यांनीच. त्यांच्या लिखाणाचं मला काय आवडतं, तर ते विनोद समजावून सांगत नाहीत, चित्राकडे कसं बघायचं ते दाखवतात, ही रेघ इथेच का थांबली, हा माणूस कोपऱ्यात का ढकलला. वाचून झालं की आपण परत पहिल्या पानावर जातो आणि आधी साधं वाटलेलं चित्र आता वेगळं दिसतं. असं लिहिणारी माणसं चित्रकलेला जरा जास्त मिळायला हवी होती.

जेम्स थर्बर या अमेरिकन व्यंगचित्रकाराची गोष्ट तर अजून गमतीची. त्याची नजर फार अधू, रेघा लहान पोराने काढाव्यात तशा. तो काढत होता खडकावर बसलेला सील, तो समुद्रातला प्राणी, पण खडक काही खडकासारखा होईना, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीसारखा दिसायला लागला. मग त्याने काय करावं? पलंगच काढला. त्यात नवरा-बायको झोपवले, वरती फळीवर सील तसाच, आणि बायको नवऱ्यावर करवादतेय की बरं बाई, तुझंच खरं, ऐकलास तू सीलचा आवाज. 1932 सालचं हे चित्र आहे. लाटणं नाही, काही नाही, आणि तरी अख्खा संसार आहे त्यात. बायकोला सील दिसत नाहीये आणि नवऱ्याला ती बायको बोलतेय ते थांबवता येत नाहीये. मला तर त्या सीलची पण दया येते. तो कुठे बघतोय हे कळत नाही, पण ऐकतोय नक्की.

लक्ष्मणांचा कॉमन मॅन पण तसाच की. चौकडीचा कोट, धोतर, गोल चष्मा, आणि सगळीकडे हजर, मंत्र्याच्या बंगल्यात, विमानात, खड्ड्याच्या काठावर, 1951 पासून, पण तोंडातून शब्द नाही. लहानपणी मला वाटायचं हा कधीतरी बोलेल, म्हणून मी रोज बघायचे. आता नाशिकमध्ये सिंहस्थाच्या कामांनी जिकडे तिकडे रस्ते उकरलेत आणि बॅरिकेडच्या अलीकडे रोज कोणी ना कोणी आजोबा मागे हात बांधून खड्ड्यात डोकावत उभे असतात, त्यांना बघितलं की मला नेहमी वाटतं, अरे, हे तर तेच. कोट फक्त घरी विसरलेत.

हे व्यसन लागलं की असंच होतं, सगळीकडे चौकटी दिसायला लागतात. मला चित्र काढता येत नाही, माझा हत्ती बटाट्यासारखा होतो, पण डोक्यात एक चौकट तयार आहे. गोदावरीला, म्हणजे आमच्या गंगेला, पूर आलाय, होळकर पुलावर तोबा गर्दी, आणि सगळे, पोरं, काकू, पोलीस, भेळवाला, सगळे पुराकडे पाठ करून सेल्फी काढतायत. खाली पाण्यात दुतोंड्या मारुती, छातीपर्यंत बुडालेला, एका तोंडाने पूर बघतोय आणि दुसऱ्या तोंडाने गर्दी. खाली ओळ नको. भाच्याला सांगितलं तर म्हणाला छान आहे पण मावशी नाशिकच्या बाहेर कोणाला कळणार? बरोबर आहे. बाहेरच्यांना आधी सांगावं लागेल की हा मारुती किती बुडाला त्यावर आम्ही पूर मोजतो, आणि सांगितलं की चित्र गेलं. मला नाही वाटत त्यात काही वाईट आहे. थोडी चित्रं आपल्या आपल्यात असायला काय हरकत आहे, लार्सनचा तो साप सगळ्यांचा, हा मारुती आमचा.

क्लिनिकच्या काकांचं मी अण्णांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं ते म्हणतील असेल काहीतरी, सोड. पण अण्णांनी पेपर खाली ठेवला. विचारलं, "अंक मांडीवर होता म्हणालीस. बोट कुठल्या पानावर होतं, डाव्या की उजव्या?" मी म्हटलं अण्णा, मला काय माहीत. "रुमाल कुठल्या हातात होता?" आता रुमाल मला आठवत होता, डाव्या हातात, डाव्या गालावर. "म्हणजे पानं उजव्या हाताने उलटत होता. उजव्या पानावर बघ." एवढं बोलून परत पेपर. आणि खरंच, अर्धा अंक बाद झाला की हो! मग मी उजव्या पानांवर काय काय होतं ते आठवायला बसले, यमदूत होता, बेट होतं, आणि एक चित्र होतं ज्याकडे मी दोन्ही वेळा बघून पुढे गेले होते कारण त्यात काहीच घडत नव्हतं. एक माणूस आरशासमोर दाढी करतोय, अर्ध्या चेहऱ्यावर फेस. आरशातल्याच्या चेहऱ्यावर फेस होता का? दोघांचा वस्तरा एकाच बाजूला होता का? मला आठवेना. सुजका गाल घेऊन सकाळी आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला त्यात काय दिसलं असेल ते मला सुजल्याशिवाय दिसणार नव्हतं बहुतेक. माझी दाढ नुसती ठणकत होती, सूज नव्हती.

अण्णा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर डोळे अजूनच तीक्ष्ण झालेत आणि आमच्यावर जास्त संकट आलंय. मूळचे निफाडकडचे, घरी गोठा होता, गाईंमध्ये वाढलेले. म्हणून परवा दुपारी चहाच्या वेळी मी त्यांच्यापुढे फोनवर ती गाईची अवजारं धरली. अमेरिकेचं काही सांगितलं नाही, पत्रांचं नाही, करवतीचं नाही. त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला, चित्र मोठं केलं, एकेक अवजार बघितलं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. चहावर साय धरली. भाचा दारात उभा राहून मला खुणा करत होता.

"ही करवत आहे," अण्णा म्हणाले. "बाकीचं कच्चं काम आहे."

मी म्हटलं, "अण्णा, गाईने केलंय ते."

त्यांनी परत बघितलं, या वेळी गाईकडे.

"मग पास करायला हरकत नाही," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला आणि चहावरची साय बोटाने बाजूला केली. "पण आपल्या गावठी गाईने याहून बरं केलं असतं."